बुडाचा रंग

आमच्या अंगणात बोट होती असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. जळगावात बोट कशाला, असं त्याला वाटतं, आणि त्याचं काही चुकत नाही. आमचं घर पिंप्राळ्यात. पिंप्राळा तेव्हा शहराला चिकटलेलं खेडंच होतं. शेणाने सारवलेली अंगणं, गोठे आणि पलीकडे कपाशीची शेतं. समुद्र तिथून आगगाडीने रात्रभराच्या अंतरावर. तरीही आमच्या निंबाच्या झाडाखाली, म्हशीच्या गोठ्याला लागून, लाकडी ठोकळ्यांवर पालथी घातलेली शिडाची बोट होती, चांगली सोळा फुटी, आणि गल्लीतली पोरं तिला मगर म्हणत. माझ्या काकांनी ती एकट्याने बांधली होती. त्यांचं नाव पंडित, पण घरात त्यांना सगळे नाना म्हणत.

नाना हे आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. तरुणपणी घर सोडून मुंबईला गेले, गोदीजवळ बोटी बांधणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली लागले, आणि पुष्कळ वर्षांनी तो कारखाना बंद पडला तेव्हा हत्यारांची पेटी घेऊन परत आले. लग्न केलेलं नव्हतं. आबांनी त्यांना बाहेरची खोली दिली आणि दुकानात बसवलं. गावात आबांचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, बादल्या, दोरखंड, रंगाचे डबे. नाना दिवसभर तिथे खिळे तोलायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बोटीला भिडायचे. लाकूड सातपुड्यातलं सागवान, रावेरच्या एका ट्रकवाल्याने आबांच्या ओळखीवर आणून टाकलेलं. फळ्यांच्या सांध्यांत ठासायला कापूस लागतो, तो तर आमच्याकडे वाऱ्यावर उडत होता. कोकणात एका खाडीकाठी नानांचा गोदीतला मित्र राहत होता. बोट तयार झाली की ट्रकवर घालून त्याच्याकडे न्यायची आणि दोघांनी मिळून खाडीत उतारू न्यायचे, असा बेत होता. आबा या बेताबद्दल कधी वाईट बोलले नाहीत आणि चांगलंही बोलले नाहीत. माझी आई धुळ्याकडची, ती अहिराणीत बोले आणि आम्ही तिला माय म्हणत असू. ती एकदा आबांना म्हणाली, "भाऊजी खरंच जातीन का हो?" आबा भाकरी मोडत म्हणाले, "बांधू दे. बांधतोय तोवर घरात आहे." दुकानाला बिनपगारी माणूस मिळाला होता, तो त्यांना सोडायचा नव्हता. हे मला तेव्हा समजलं नाही. मायला बहुधा समजलं होतं.

उन्हाळ्यात त्या अंगणावरून माय आणि नाना यांच्यात मुकं भांडण चाले. मायला बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला खाटा मांडायच्या असत. ज्वारीचं ते तिखट पीठ भल्या मोठ्या पातेल्यात शिजत असे, त्याची वाफ घरभर फिरे, आणि आम्ही पोरं वाटीत गरम चीक घेऊन वर तेल ओतून खात असू. नेमका तेव्हाच नानांचा रंधा चालू व्हायचा. सागाचा भुसा उडून ओल्या बिबड्यांवर बसायचा. माय फक्त खाट आणखी लांब ओढून नेई आणि ओढताना खाटेचे पाय जरा जास्तच वाजवी. नाना हसून रंधा खाली ठेवत आणि लाकडी हातोडा घेऊन सांध्यांत कापूस ठोकायला बसत. तो ठक्‌ ठक्‌ आवाज, मालगाडीची शिटी, जिनिंगचा भोंगा, आणि गोठ्यात चंद्री म्हैस साखळी हलवायची तो आवाज. ते घर मला आजही आधी कानांनीच आठवतं. जेवणं बाहेर ओट्यावर होत. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी पातोड्यांची भाजी. चंद्रीचं दूध घरात पुरून गल्लीतल्या चार घरी जात असे. तिला त्या वर्षी पारडी झाली होती. आबा दुकानातून आले की खिशातून गुळाचा खडा काढून आधी त्या पारडीला देत, मग आम्हाला. माणसांपुढे आबांना माया दाखवता येत नसे. पारडीपुढे येई.

मी तेव्हा कॉलेजात होते, प्री-डिग्री सायन्सला. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली मुलगी, आणि गेले ती नानांमुळे. त्यांनीच आबांना सांगितलं, "भाऊ, पोरीचं डोकं गणितात चालतं. चालतंय तोवर चालू दे." आबांनी नाक मुरडत का होईना फी भरली. पुढे दुकानात कुणी आलं की "आमची शालू सायन्सला आहे" असं ते मुद्दाम सांगत, हे मी स्वतः ऐकलं आहे. मला गणितात बी. एस्सी. करायचं होतं. ते मी फक्त नानांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "कर. मी आहे ना." त्या तीन शब्दांवर मी वर्षभर निर्धास्त होते.

बोट बांधून झाली. सांधे भरले, अस्तर दिलं, आता बुडाला रंग द्यायचा होता. बोटीचा जो भाग कायम पाण्यात राहतो त्याला वेगळा रंग लागतो, जड आणि विटकरी, तांब्याची पूड घातलेला. तो जळगावात मिळणं शक्यच नव्हतं, आबांच्या दुकानातही नाही. मुंबईहून मागवायचा आणि तोही महाग, म्हणून किती लागेल ते आधी काढणं भाग होतं. नानांनी मला बोलावलं आणि गोदीतली रीत सांगितली. पाण्याच्या रेघेवर बोट जेवढी लांब ती लांबी घ्यायची. बोटीची रुंदी आणि पाण्यात बुडणारी खोली यांची बेरीज करायची. या दोहोंचा गुणाकार केला की बुडाचं क्षेत्रफळ आलं. त्यांनी जमिनीवर काडीने आकडे काढले. दोन हात द्यायचे तर अडीच डबे येत होते.

"म्हणजे तीन," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, हा खोक्याचा हिशोब झाला. खोकं सगळीकडे सारखं रुंद असतं. ही पुढे निमुळती होते, मागेही आवळत जाते. इतकं बूड नाहीच हिचं."

"गोदीत सगळे असंच काढायचे."

"मग गोदीत रंग उरत असेल."

ते मोठ्याने हसले. "उरायचाच. मिस्त्री तो विकून खायचा. बरं, तू काढ तुझ्या रीतीने."

माझी रीत कॉलेजातली नव्हती. पुस्तकात गोल आणि शंकू होते, बोट नव्हती. मी मायचं एक जुनं नऊवारी लुगडं मागून आणलं. ते किती लांब आणि किती रुंद ते मला ठाऊक होतं. ते पालथ्या बोटीवर अंगाला लुगडं नेसवावं तसं बसवत गेले, जिथे दुमडलं तिथे कोळशाने खूण केली, जिथे उरलं तिथे दुसरी. नाना दुसऱ्या टोकाला पदर धरून उभे होते. माय ओट्यावरून बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. "बोटनं लगीन शे का?" ती म्हणाली. शेवटी लुगडं जमिनीवर पसरून मी खुणांमधला भाग मोजला. एका हाताला एक डबा पुरत होता. दोन हात, दोन डबे. नानांनी तो हिशोब दोनदा तपासला, कारण रंग कमी पडला तर बोट पावसाळ्याआधी निघणार नव्हती. मग माझ्या डोक्यावर टप्पल मारून म्हणाले, "दोनच सांगू भाऊला."

माझा नातू परवा धुळ्यात घर रंगवून घेत होता. रंगारी आला, त्याने फोन भिंतीसमोर धरला आणि फोननेच किती लिटर ते सांगितलं. नातू माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, बघ, आता डोकं लावावंच लागत नाही." मी म्हटलं, छान झालं. फोनचं कॉलेज कुणी बंद करत नाही, एवढं मात्र मनात आलं.

जेवताना नानांनी आबांना सांगितलं. "भाऊ, बुडाचा रंग दोन डबे लागेल. शालूने काढलंय." आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, हूं म्हटलं आणि वाटीतलं वरण संपवलं. काही दिवसांनी याच ओट्यावर, सगळे जेवत असताना, ते आपणहून म्हणाले, "रंग मागवला. तीन डबे."

नाना म्हणाले, "तीन कशाला? दोन पुरतात."

"मुंबईच्या पेढीकडून दोन डबे मागवायचे? मी काय टपरी टाकून बसलोय? उरला तर उरला. रंग काही नासत नाही."

हे मी, मायने, नानांनी, माझ्या धाकट्या भावाने, सगळ्यांनी ऐकलं. यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेव्हा ते इतकं किरकोळ होतं की मी त्यावर बोललेही नाही.

डबे आले. नानांनी पहिला उघडला आणि घरातल्या सगळ्यांना अंगणात बोलावलं. "याला कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "समुद्रात बुडाला कालवं चिकटतात, किडे लाकूड पोखरतात. ते मरावेत म्हणून यात विष घातलेलं असतं. हातापायाला लागला तर लगेच धुवायचा." आबा तेव्हा मोरीवर पाय धूत होते. त्यांनी ते ऐकलं. ऐकलं हे मी शपथेवर सांगेन, कारण ते तिथूनच म्हणाले, "विषाचेसुद्धा पैसे घेतात लेकाचे."

रंग दोन डब्यांत झाला. दुसरा हात देताना शेवटी नानांना डब्याच्या बुडाशी ब्रश फिरवून रंग खरवडावा लागला, पण पुरला. बोट विटकरी लाल होऊन उन्हात चमकत होती. नाना मागे सरकून कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "शालू, गोदीतल्या मिस्त्रीला उपाशी मारलं असतंस तू." माझं त्याहून मोठं कौतुक नंतर आयुष्यात कुणी केलेलं आठवत नाही. तिसरा डबा झाकण न काढता गोठ्याच्या फळीवर ठेवला गेला.

पुढच्या आठवड्यात नाना ट्रक ठरवायला रावेरला गेले. दुकानाला सुटी होती आणि मी कॉलेजात. आबांना सुटीच्या दिवशी स्वस्थ बसवत नसे. चंद्रीला पाणी पाजायला आमच्याकडे पिंप उभं कापून केलेलं टाकं होतं, ते आतून गंजलं होतं. आबांनी तिसरा डबा खाली काढला. मायने मला नंतर सांगितलं ते असं. तिने विचारलं, "भाऊजीसनी सांगेल शे ना, इख शे त्यामा?" आबा म्हणाले, "बोटीचा रंग पाण्यातच राहायला केलेला असतो. पाण्यात सुटला असता तर बोटीला कशाला लावला असता?" मी घरी आले तेव्हा टाकं आतून लाल होऊन उन्हात वाळत होतं. मी मायकडे पाहिलं. तिने नजर चुकवली. मी आबांना म्हटलं, "आबा, नानांना येऊ द्या, मग पाणी भरा." ते म्हणाले, "आता माझ्या म्हशीला पाणी कधी पाजायचं तेही नाना सांगणार?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टाकं भरलं.

म्हशीने पाणी थोडंच प्यायलं, वासामुळे असेल. पण पारडी लहान होती आणि लहान जनावराला सगळं चाटायचं असतं. ओलसर राहिलेला रंग ती कडेने चाटत राहिली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. नाना रावेरहून परतले त्या सकाळी पारडीने दूध सोडलं होतं. ती गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकवून उभी होती, दात खात होती, तोंडाला फेस. आबांनी पुढे केलेला गूळ तिने हुंगलाही नाही. नानांनी टाकं बघितलं आणि ते उलटं केलं. पाणी अंगणभर पसरलं. गुरांचे डॉक्टर येईपर्यंत पारडी खाली बसली होती. त्यांनी तिच्या ओठांना लागलेला लाल रंग बोटाने पुसून पाहिला, टाकं पाहिलं, डब्यावरचं इंग्रजी वाचलं आणि विचारलं, "हे इथे कुणी लावलं?" दुपारी पारडी मेली.

तोपर्यंत गल्ली जमली होती. ज्या चार घरी आमचं दूध जाई त्या घरची माणसं पुढे होती. शेजारचे सुकलालभाऊ, ज्यांचं आबांशी रोजचं उठणंबसणं, ते म्हणाले, "आबा, आमची पोरं या म्हशीचं दूध पितात. काल पण प्यायली. काय समजायचं आम्ही?" डॉक्टर म्हणाले, म्हशीला काही झालेलं दिसत नाही, दूध काही दिवस कुणी घेऊ नका, पोरांवर लक्ष ठेवा. पोरांना पुढे काहीच झालं नाही. पण त्या घडीला ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि अंगणात सगळे आबांकडे बघत होते. माझे वडील चारचौघांत शब्दाचे पक्के म्हणून ओळखले जात. लोक त्यांच्याकडे भांडणं मिटवायला येत. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. पारडीचं दुःखही होतं, ते मला दिसत होतं, त्यांचा हात अजून गुळाने चिकट होता. पण भीती वर होती.

ते म्हणाले, "हा बोटीचा रंग आहे. या पोरीने हिशोब चुकवला. दोन डब्यांच्या कामाला तीन मागवायला लावले. उरला म्हणून वापरला. विष आहे हे मला कुणी धड सांगितलं नाही."

मी ओट्याच्या पायरीवर उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, मी दोन सांगितले होते. तीन तुम्ही मागवले."

आमच्याकडे मुली गल्लीसमोर बापाला खोटं पाडत नसत. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते नानांकडे वळले.

"पंडित, तू सांग. हिने किती सांगितले होते?"

नाना बोटीला टेकून उभे होते. तो क्षण मी इतक्या वेळा पुन्हा पाहिला आहे की आता त्यातला कोणता भाग घडलेला आणि कोणता मी घासून गुळगुळीत केलेला, ते मलाही कळत नाही. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हे घडलं. मग त्यांनी बोटीवर तळहात फिरवला. रावेरचा ट्रकवाला आबांच्या शब्दावर येणार होता. लाकूड आबांच्या ओळखीवर आलं होतं. अंगण आबांचं होतं. आबांनी नाही म्हटलं असतं तर ती बोट त्या निंबाखालीच कुजली असती आणि नानांनी मरेपर्यंत खिळे तोलले असते. हे सगळं त्यांच्या डोळ्यांत एकामागून एक येताना मी पाहिलं, निदान मला तसं वाटतं.

"तीन म्हणाली होती," नाना म्हणाले. "बहुतेक तीनच."

सुकलालभाऊंनी सुस्कारा टाकला. "पोरीबाळींच्या हिशोबावर असली कामं करू नये, आबा," असं कुणीतरी म्हणालं, आणि माणसं हळूहळू पांगली. माय ओट्यावर माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, त्या दिवशीचं आणि आधीचंही. मी तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "घरमा चाल."

रात्री जेवण झालं नाही. दुसऱ्या दिवशी मायने माझ्या वेणीला तेल लावता लावता एवढंच म्हटलं, "तू खरं बोलनी बेटा, पन लोकेसना समोर बोलनी." तिच्या लेखी तो निकाल होता. मी तिच्यावर चिडले होते, आता चिडत नाही. पण तिने तो निकाल दिला हे विसरलेही नाही.

ट्रक ठरल्याप्रमाणे आला. रावेरचा, केळीचा ट्रक, त्यात तळाला केळीची वाळकी पानं अंथरलेली. आबांनी स्वतः उभं राहून बोट चढवून दिली, हमालांना दोर कुठे बांधायचा ते ओरडून सांगितलं, आणि नानांच्या हातात वाटखर्चही ठेवला. भाऊ भावाला निरोप देतो तसा निरोप दिला. नाना मला भेटायला आत आले. मी चुलीपाशी बसले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शालू, समजून घे." मी मान हलवली नाही. समजलं सगळं होतं. बाहेर हॉर्न वाजला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच घडलं. जून आला, कॉलेज उघडलं, आबांनी फी भरली नाही. मी विचारलं तेव्हा ते रागावलेसुद्धा नाहीत. "जिला दोन की तीन ते कळत नाही, तिने गणित शिकून काय करायचं?" असं म्हणून हसले. ते खरोखर हसले. शिरपूरचं स्थळ आधीच येऊन राहिलं होतं, मुलगा जिनिंगमध्ये कारकून. आबांनी होकार कळवला. नाना असते तर भांडले असते का, हा विचार मी बरीच वर्षं केला. मग सोडून दिला, कारण त्याचं उत्तर मला अंगणात मिळालं होतं.

सगळ्यात जास्त मला काय लागलं, तर त्या गोष्टीचा विनोद झाला तो. माझ्या लग्नाच्या पंगतीत आबांनी व्याह्यांना सांगितलं, "आमची शालू तशी हुशार, पण हिने एकदा दोन डब्यांच्या जागी तीन मागवायला लावले." पंगत हसली. नवराही हसला, सासरे हसले. पुढे शिरपूरला कधी तांदूळ जास्त पडला, पाहुण्यांना भाकऱ्या कमी पडल्या, की सासूबाई म्हणत, "तिसरा डबा." मी सुरुवातीला सांगून पाहिलं. "तसं नव्हतं," म्हणायचे. त्यावर लोक आणखी हसत. माणूस आपली चूक झाकायला बघतो ते लोकांना लगेच ओळखू येतं, आणि मी तशीच दिसत असणार.

आबा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. त्यांचं सगळं मीच केलं. शेवटच्या दिवसांत ते खूप बोलत, दुकानातलं, लहानपणचं. त्या टाक्याबद्दल बोलले नाहीत. मला वाटतं त्यांनी इतक्या वेळा ती गोष्ट सांगितली होती की त्यांच्या लेखी ती तशीच घडली होती. त्यांच्याकडून माझी तशी अपेक्षाही नव्हती. मी वाट बघत होते ती दुसऱ्याच माणसाची.

नाना शिरपूरला एकदाच आले. माझा मोठा मुलगा तेव्हा शाळेत जाऊ लागला होता. कोकणातून कुणाच्या लग्नाला धुळ्याला आले होते, तिथून बस धरून माझ्याकडे. केस पांढरे झालेले, अंग उन्हाने तांब्यासारखं. बोट चालली होती. मित्र वारला होता, पण नानांनी तिच्यावर पोट भरलं, खाडीकाठी छोटं घर बांधलं. मी शेवभाजी केली, पोळ्या केल्या. ते भरपूर जेवले. मग ओसरीवर बसून माझ्या मुलाला खाडीच्या गोष्टी सांगत राहिले, भरती कशी येते, शीड कसं वळवतात. मुलगा त्यांना सोडत नव्हता. मी आत चहा टाकत होते. इतक्या लांबून, वाट वाकडी करून हा माणूस आला होता. मला पक्कं वाटत होतं की ते आज बोलणार. चार शब्द पुरले असते, मुलासमोर नकोत, माझ्या एकटीपाशी. मी मुलाला बाहेर खेळायला पाठवलं आणि चहा घेऊन त्यांच्यासमोर बसले.

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"बोट भारी निघाली, शालू," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली, फळी हलली नाही. बुडाचा रंग दरवर्षी देतो. तो देताना तुझी आठवण येते बघ."

"हो?"

"येते ना. लुगडं काय गुंडाळलं होतंस." ते मायेने हसले. "पोर होतीस. हिशोब तेवढा चुकला तुझा. तीन सांगितलेस. बिचारी पारडी गेली."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिथे लपवलेलं काहीच नव्हतं. आबा घाबरून बोलले होते, नाना तेव्हा अडकून बोलले होते, पण हा माणूस आता खोटं बोलत नव्हता. त्याला हेच आठवत होतं.

"नाही चुकला, नाना," मी म्हटलं. "मी दोन सांगितले होते. तुम्ही तपासले होते."

त्यांनी बशी खाली ठेवली. जरा विचार केल्यासारखं केलं. मग पुढे वाकून माझा हात थोपटला.

"असू दे गं आता," ते म्हणाले. "किती लहान होतीस. मी कधी मनात ठेवलं नाही."

त्यांनी मला माफ केलं होतं.